पोकळ त्रिकोण

ओल्या अंगठ्यानं कागद उलटणारा माणूस दिसला की मला शिसारी येते. ही शिसारी मुळात माझी नव्हे. भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या काळात जिभेला अंगठा लावून पेपर तपासणारे कितीतरी प्राध्यापक मी पाहिले, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. ही लागण मला कोठावदे सरांकडून झाली. सरांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण लागण काही गेलेली नाही.

निवृत्तीनंतर मी नाशिकजवळच्या एका फ्लाइंग अकॅडमीत हवामान शिकवायला जात असे. दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध एक धावपट्टी, काही म्हातारी विमानं, पत्र्याचा हँगर आणि त्याच्यासमोर काचेची चकचकीत इमारत. पायलट व्हायला आलेल्या मुलांना ढग कसे बनतात ते मी सांगायची. त्या ढगांच्या वर गेल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे कसं ओळखायचं, ते कोठावदे सर सांगायचे.

सर मूळचे सटाण्याकडचे. हवाई दलात नॅव्हिगेटर होते. म्हणजे पायलटच्या मागं नकाशा घेऊन बसायचं आणि आपण कुठे आहोत हे त्याला सांगत राहायचं. हे काम आता यंत्रं करतात. काटक शरीर, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर. पेन कधीच नाही. चेहऱ्यावर कायम कुणीतरी नासलेल्या दुधाचा चहा पाजल्यासारखा भाव. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं पोट बिघडलंय. आठवड्याभरात कळलं की पोट ठणठणीत आहे, बिघडलंय ते जग, आणि ते सर रोज नव्यानं चाखून बघतात.

त्यांना किळस येणाऱ्या गोष्टींची मोजदाद करणं शक्य नव्हतं. नकाशावर फिरवलेला पिवळा हायलायटर, वर्गात आणलेली वेफर्सची पिशवी, 'अंदाजे' हा शब्द, आणि 'गुगल दाखवतंय ना सर' हे वाक्य, या त्यातल्या ठळक. एका रविवारी मुलं मिसळ खाऊन परस्पर वर्गात आली आणि कुणाच्या तरी बोटाची तर्री नकाशावर उमटली. सरांनी तो नकाशा चिमटीत धरून, हात लांब करून, मेलेल्या उंदरासारखा बाहेर नेला. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले. किळस आली की ते हात धुवायचे. त्यांच्या तळहातांची कातडी त्यामुळे कायम कोरडी आणि पांढरट असे.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे गायकवाडचा अंगठा. गायकवाड आमच्या रेडिओ रूममध्ये बसायचा, उडालेल्या मुलांशी बोलायला. नकाशाची घडी उलगडताना तो अंगठा जिभेवर असा काही फिरवायचा, की मलईचं बोट चाटतोय. सर म्हणायचे, "गायकवाड, त्या कागदावर आकाश आहे. तुझी लाळ पुसायचं फडकं नाही ते."

"काय सर, घडी निघत नाय त्याशिवाय," गायकवाड हसत म्हणायचा, आणि पुढची घडी तशीच उलगडायचा.

सर शिकवायचे ते समजल्याशिवाय सर समजणार नाहीत, म्हणून थोडं सांगते. आकाशात रस्ते असतात. जमिनीवर ठिकठिकाणी रेडिओ स्टेशनं असतात, त्यांच्यापासून चहूबाजूंना न दिसणाऱ्या रेघा निघतात, आणि विमानं त्या रेघांवरून जातात. दोन स्टेशनांच्या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात त्या चौकाला इंटरसेक्शन म्हणतात. तिथे पाटी नसते, सिग्नल नसतो. नकाशावर फक्त एक इवलासा त्रिकोण आणि शेजारी काहीच अर्थ नसलेलं एक छोटं नाव. त्रिकोण भरीव असेल, तर तिथून जाताना पायलटनं आपण होऊन रेडिओवर आपली जागा सांगायची. पोकळ असेल, तर कुणी विचारलं तरच सांगायची, एरवी गप्प राहायचं.

आता आपण त्या चौकात पोहोचलो हे कळणार कसं? विमानातल्या तबकडीवर एक सुई असते. तिचं टोक स्टेशनकडे वळलेलं असतं. पण रेघ मोजतात ती स्टेशनपासून बाहेर. म्हणून आपण कुठल्या रेघेवर आहोत ते टोकाखाली वाचायचं नाही, शेपटीखाली वाचायचं. प्रत्येक नवं पोर हमखास टोकाखाली वाचतं, कारण टोक डोळ्यात भरतं. मग सर ओरडत, "शेपटीखाली! स्टेशनला काय दिसतंय ते सांग. तुला काय वाटतंय ते मी विचारलंय का?" मुलांनी त्यांचं नाव शेपूट सर ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं, आणि माझ्या माहितीत अकॅडमीतली ही एकच गोष्ट, जिची त्यांना किळस आली नाही.

फार चिडले की ते अहिराणीवर यायचे. फळ्याशी उभ्या केलेल्या पोराच्या डोळ्यात बघून विचारायचे, "कोठे शेस तू?" कुठे आहेस तू? पोरगं नकाशावर बोट ठेवायचं. बोट चुकलं की सर पुन्हा विचारायचे, आवाज न चढवता, "कोठे शेस?" काही मुलांना त्या प्रश्नानं घाम फुटायचा. कळवणची अश्विनी तेवढी हसायची, कारण तिच्या घरी तसंच बोलायचे.

अकॅडमीचे मालक आहेर साहेब. कपाळावर गॉगल, प्रत्येक वाक्यात एक हिंदी आणि एक इंग्रजी शब्द. त्यांनी एकदा रिसेप्शनच्या भिंतीवर हवाई नकाशा छतापर्यंत मोठा करून लावून घेतला. सजावट करणाऱ्याला नकाशातले त्रिकोण फार आवडले असावेत, त्यानं झाडून सगळे सोनेरी रंगानं भरून टाकले. ॲडमिशनला आलेले पालक त्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. सर पहिल्यांदा ती भिंत बघून जागीच थांबले.

"साहेब, यातले निम्मे पोकळ आहेत."

"अरे सर, गोल्डनमध्ये रिच दिसतंय ना!"

"सगळे भरीव केले तर आकाशातला प्रत्येक माणूस प्रत्येक चौकात बोंबलत सुटेल. ज्याला खरंच काही सांगायचंय त्याचं ऐकू येणार नाही."

साहेब हसले आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. सरांनी जाऊन हात धुतले, पाठ धुता येईना म्हणून दिवसभर धुसफुसत राहिले. त्या दिवसापासून ते मागच्या दारानं येऊ लागले.

मला त्यांच्या स्वभावातलं सर्वांत आवडलेलं, आणि पुढे सर्वांत संताप आणणारं, म्हणजे त्यांचा दोन रेघांचा कायदा. एका रेघेवर विमान कुठेही असू शकतं. जागा ठरते ती दुसरी रेघ पहिलीला कापते तेव्हाच. सरांनी हे आकाशातून काढून घरात आणलं होतं. कुणी काही बातमी सांगितली की ते म्हणत, "ही एक रेघ झाली." दुसरीकडून तेच ऐकेपर्यंत ते विश्वास ठेवत नसत. आणि दुसरी रेघ पहिलीच्या जवळून आलेली चालत नसे. दोन रेघा जवळजवळ एकाच दिशेनं आल्या तर त्यांचा छेद लांबुडका पडतो, नेमका बिंदू मिळत नाही. "कोन बारीक पडतो," सर म्हणायचे.

माझ्या भाचीला स्थळ आलं होतं, सातपूरचा मुलगा. मी सरांना म्हटलं, मुलाच्या मामांनीही चांगलं सांगितलं आणि मामींनीही. सरांनी तोंड वाकडं केलं. "मामा आणि मामी ही एकच दिशा. त्याच्या कंपनीतल्या वॉचमनला विचारा. मग ज्याच्याशी त्याचं भांडण झालंय अशा एकाला विचारा. दोघांनी एकच सांगितलं तर द्या मुलगी." मी वैतागले, पण विचारलं. भाची सुखात आहे.

ते प्रकरण घडलं ते थंडीत. त्या सकाळी दोन विद्यार्थी एकेकटे लांबच्या उड्डाणाला गेले होते, थोड्या अंतरानं, एकाच मार्गानं. एक अश्विनी, दुसरा आहेर साहेबांचा भाचा शंतनू. बिरोक नावाच्या इंटरसेक्शनपर्यंत जायचं, तिथे डावीकडे वळायचं आणि परत यायचं. बिरोकच्या पुढे सरळ गेलं तर तोफांच्या सरावासाठी बंद ठेवलेला पट्टा लागतो. तिथे विमान नेणं म्हणजे गुन्हाच. दुपारी फोन आला की अकॅडमीच्या रंगाचं एक छोटं विमान त्या पट्ट्यावर दिसलं; नंबर आणि नेमकी वेळ मात्र कुणी टिपलेली नव्हती.

दोघंही म्हणाले, मी बिरोकला वळलो. त्या जुन्या विमानांत मार्ग टिपून ठेवणारं काही नव्हतं. आणि बिरोकचा त्रिकोण पोकळ. अश्विनीनं तिथून रेडिओवर काही सांगितलं नव्हतं, कारण सरांनी शिकवलं होतं की पोकळ त्रिकोणावर विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारायचं काम गायकवाडचं होतं. गायकवाड त्या वेळी बाहेर उन्हात बसून गरम भजी खात होता. हे त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "मला कोणीच काय बोललं नाय. मला काय म्हाईत?"

संध्याकाळपर्यंत आहेर साहेबांनी ठरवून टाकलं की ती अश्विनीच. मुलगी आहे, घाबरली असेल, रस्ता चुकली असेल. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना शंतनूचं विमान चालवणं माहीत होतं त्यांनी जरा जास्तच डोलावल्या. त्या माना आठवल्या तरी मला मळमळतं. अश्विनीचं नाव वर गेलं असतं तर तिचं लायसन्स कायमचं लटकलं असतं, आणि अकॅडमीतून काढलेल्या मुलीला दुसरी अकॅडमी दारात उभं करत नाही. कळवणला घरी परत गेली की पुढे काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती माझ्यासमोर रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, मी शेपटीखालीच वाचलं व्हतं. आईशप्पथ."

सरांनी नकाशा पसरला. विमान जिथे दिसलं ती जागा पेन्सिलीनं खुणावली आणि मला जवळ बोलावलं.

"बघा. घाबरलेलं पोर भरकटतं, गोल गोल फिरतं. हे विमान बिरोकवरून दोरी धरल्यासारखं सरळ पुढे गेलंय. का? कारण चालवणारा सुईवर एका आकड्याची वाट बघत होता. तो शेपटीखाली येऊन गेला. हा बघत होता टोकाखाली, आणि टोकाखाली तो त्या वाटेवर कधीच येणार नव्हता. अश्विनी टोक वाचत नाही. तो शंतनू वाचतो. त्यानं उत्तरांची पाठांतरं करून परीक्षा दिल्यात."

"मग सांगा ना साहेबांना!"

"ही एक रेघ आहे, मॅडम."

मी म्हटलं, दुसरी मी देते. त्या सकाळी वारा पडलेला होता, मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहिला होता. वाऱ्यानं कुणी वाहून जाण्याचा प्रश्नच नव्हता. जो पुढे गेला तो आपल्या पायानं गेला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तुम्ही रोज माझ्या टेबलावर डबा खाता. कोन बारीक पडतो."

मला त्यांची अशी चीड आली की सांगता येत नाही. एका मुलीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि हा माणूस कोन मोजत बसलाय! मी ते बोलूनही दाखवलं. त्यांनी नकाशाची घडी घातली, कोरड्या बोटांनी, कडेला कड जुळवून.

दुसऱ्या दिवशी सर आहेर साहेबांकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "सर, ये तो आपका थिअरी है. एक रेघ! तुम्हीच शिकवता ना?" आपला कायदा त्या तोंडातून आलेला ऐकून सरांचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. जिभेवर केस आल्यासारखा.

वरून चौकशीला एक अधिकारी येणार होते. त्याच्या आदल्या सकाळी सरांनी नेहमीसारखा वर्ग घेतला आणि मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. दारात आहेर साहेब उभे होते, बहुधा सरांवर नजर ठेवायला. सरांनी पुठ्ठ्याची मोठी तबकडी भिंतीला टांगली, सुई फिरवली आणि शंतनूला उठवलं. बिरोकचं नाव नाही, त्या उड्डाणाचा उल्लेख नाही. नेहमीचा प्रश्न.

"सुई अशी आहे. कोठे शेस तू?"

शंतनू ऐटीत पुढे आला. त्यानं टोकाखालचा आकडा वाचला आणि नकाशावर स्टेशनच्या नेमक्या उलट्या बाजूला बोट टेकवलं. वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी तबकडी सरकवली, पुन्हा विचारलं. पुन्हा टोक. तिसऱ्यांदाही टोक. दर वेळी न अडखळता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की तो तिथे आहे.

सर दाराकडे वळले. "साहेब, ही दुसरी रेघ. आणि ही तुमच्याच घरातून आली आहे, म्हणजे कोन चांगला मोठा पडला."

आहेर साहेबांनी गॉगल डोळ्यावर घेतला आणि सरांना बाहेर बोलावलं. मी मागोमाग गेले, मला कुणी अडवलं नाही. व्हरांड्यात साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी सौदा मांडला. ठीक आहे, मुलीचं नाव काढतो. पण भाच्याचंही येणार नाही. मग कुणावर तरी खापर फुटायला हवं, चौकशी कोरी कशी परत जाईल? तर सरांनी अधिकाऱ्यापुढे म्हणायचं, टोक आणि शेपटीच्या बाबतीत माझ्याकडून उलटं शिकवलं गेलं, त्यामुळे मुलांचा गोंधळ झाला. कोण वळलं, कोण पुढे गेलं, हा विषयच संपला.

"तुमचं काय जातंय, सर? तुम्ही तर रिटायर्डच आहात. इमोशनल होऊ नका."

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे अहिराणीवर येणार. मनातून मला ते हवंच होतं. ते बेसिनपाशी गेले आणि हात धुतले. साबण लावून, पुन्हा पुन्हा, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. नळ चालूच राहिला. शेवटी मीच तो बंद केला.

"सर, असलं काही करू नका," मी म्हटलं. "अधिकाऱ्याला खरं सांगा. दोन रेघा आहेत तुमच्याकडे."

"आहेत. पण मी खरं सांगितलं तर हा माणूस महिनोन्महिने भांडेल. तोवर ती पोरगी घरी बसेल. एकदा घरी बसली की पुन्हा येत नाही, मॅडम. मी आमच्या बाजूच्या मुली बघितल्यात." ओले हात हवेत धरून ते उभे होते. रुमालालाही शिवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात अधिकारी बसले. सभ्य माणूस, घाईत होता. सगळा स्टाफ भिंतीला टेकून उभा. सर फळ्यापाशी गेले, पाठीमागे हात बांधले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "चूक विद्यार्थ्यांची नाही. मी उलटं शिकवलं."

अश्विनी ताडकन उठली. "नाय सर! तुम्ही शेपटीखालीच..."

"कोठे शेस तू?" सर म्हणाले.

ती गोंधळली. "वर्गात, सर."

"मग खाली बस."

ती बसली. अधिकाऱ्यांनी मान वर केली आणि विचारलं, साधंच विचारलं, त्यात कुजकटपणा नव्हता, "किती वर्षं तुम्ही असं उलटं शिकवत होता?"

"जेवढी शिकवली तेवढी," सर म्हणाले.

भिंतीला टेकलेल्या त्या रांगेतून एक माणूस बोलला नाही. गायकवाड अंगठ्याचं नख खात होता. शंतनू मोबाइल बघत होता. मला त्या सगळ्यांचा वीट आला, त्या काचेच्या इमारतीचा, त्या सोनेरी भिंतीचा, आणि सगळ्यात जास्त त्या अधिकाऱ्यासाठी आणलेल्या काजूकतलीचा, जी नंतर सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. पुढच्या बॅचला मी शिकवायला गेलेच नाही.

किळसवाण्या गोष्टी इथे संपत नाहीत. आहेर साहेबांनी सरांचा निरोप समारंभ केला. शाल, श्रीफळ, भाषण. "सरांसारखे गुरू मिळणं आमचं भाग्य," असं म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा गळा भरून आला. खरंच भरून आला, हे जास्त वाईट. सरांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि नारळ गायकवाडच्या हातात दिला. "फोड आणि पाणी वाटीत ठेव. अंगठा त्यात बुडवत जा." सरांना मी एवढं प्रेमळ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गायकवाड पहिल्यांदाच हसला नाही.

शंतनू यथावकाश कुठल्याशा कंपनीत लागला. गावातल्या एका नाक्यावर त्याचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टे, 'कॅप्टन साहेबांचे हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांचे फोटो. तो नियमानं कॅप्टन झालेला नव्हता, पण फ्लेक्सवर काय, कुणीही काहीही होतो. रिक्षातून जाताना मी तोंड फिरवायची. अश्विनीलाही लायसन्स मिळालं, तीही एका कंपनीत लागली. तिचा फ्लेक्स लागला नाही.

त्यानंतर बरेच दिवसांनी माझी काही पुस्तकं आणायला मी अकॅडमीत गेले होते. गायकवाडनं रेडिओ रूमच्या खिडकीतून हाक मारली. त्याचं माझं कधीच पटलं नव्हतं, म्हणून मी दारातच थांबले.

"म्याडम, आत या, जरा ऐका. रिकामा असला की वरच्या मोठ्या विमानांचं ऐकत बसतो मी. ती अश्विनी हाय ना, तिचा आवाज लगेच वळखतो मी. आता यायची वेळ झालीया तिची."

आम्ही वाट बघत बसलो. मग खरखरीतून तिचा आवाज आला. विमानाचा नंबर, उंची, वेळ, आणि "बिरोक". वर कुणी विचारलेलं नव्हतं. आता कुणी विचारतच नाही, सगळं पडद्यावर दिसतं. गायकवाड म्हणाला, "दर टायमाला सांगते. या वाटेनं गेली की सांगतेच. दुसऱ्या कुठल्या पोकळ त्रिकोणावर बोलत नाय, फक्त हितंच." मग खाली बघून म्हणाला, "मी तवा इचारायला पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदिरानगरला सरांच्या घरी गेले. ते बरेच खराब झाले होते, शर्ट अंगावर लोंबत होता, पण इस्त्री होती. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. एकीकडे पानं, एकीकडे देठ, मध्ये सरळ मोकळी पट्टी. मी बिरोकची हकीकत सांगितली.

"कुणी सांगितलं?"

"गायकवाडनं."

"एक रेघ."

"आणि मी स्वतः ऐकलं, माझ्या कानांनी."

त्यांनी हात थांबवला. "तुमचं आणि गायकवाडचं अजून पटत नाही?"

"अजिबात नाही."

"मग ठीक," सर म्हणाले, आणि पुन्हा मेथीकडे वळले. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा, नासलेल्या दुधाचा भाव आला.

"पोकळ त्रिकोण आहे तो. न विचारता बोलायचं कारण काय? उगाच रेडिओ अडवते. कुणी शिकवलं नाही का तिला?"

सर मान खाली घालून निवडत राहिले. त्यांच्या हातून पानं देठांच्या ढिगात पडत होती, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.